गंडकीची भरती

“ठोसर, एक विचारू? गंगेला भरती येते का हो?”

दिनकरराव मुंगींनी चष्मा कपाळावर सरकवून हा प्रश्न टाकला, तेव्हा मी दप्तरखान्याच्या ओसरीवर उन्हात बसून डब्यातली शेवटची पोळी लोणच्याबरोबर संपवत होतो. मला हसू आलं.

“कलकत्त्याकडे येते. समुद्र जवळ आहे ना तिथं.”

“आणि हरिद्वारला?”

“हरिद्वारला कशी येईल? काहीतरीच काय, दिनकरराव!”

“मग तुमच्या माणसानं ती कुठं पाहिली?” असं म्हणून त्यांनी माझ्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यातलं एक पान पुढं केलं आणि मोडीतली एक ओळ बोटाखाली धरून वाचली. “‘हरिद्वारी ओहोटी लागली ते समयी गंगेत उतरोन स्नान केले.’ आणि हे पुढं, ‘गंडकीस भरती, सबब नाव दोन प्रहर खोळंबली.’ मी काही समुद्र पाहिलेला नाही बुवा. म्हणून म्हटलं, ठोसरांना विचारावं. ते कोकणातले.”

माझा घास तसाच तोंडात राहिला.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशीच्या डिसेंबरातली. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो, पुण्यात एका कॉलेजात तात्पुरत्या जागेवर इतिहास शिकवत होतो, आणि माळव्यातल्या एका जुन्या संस्थानाच्या दप्तरखान्यात सहा आठवडे कागद चाळायला आलो होतो. लग्न केलं नव्हतं. आई आदल्या वर्षी गेली. लॉजवर उतरलो होतो आणि दिवसभरात ‘एक चहा’ आणि ‘किल्ली द्या’ एवढीच वाक्यं माझ्या तोंडून बाहेर पडायची. दप्तरखान्यातही कुणाला माझं सोयरसुतक नव्हतं. अपवाद मुंगींचा. ते तिथले निवृत्त मोडी वाचक होते, सत्तरीचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रोज अकराला यायचे. “घरी बसून काय करू भाई, भिंती वाचू?” असं म्हणायचे.

आणि माझा माणूस म्हणजे नारो अनंत सोवनी. शके सोळाशे नव्वद, म्हणजे सतराशे अडुसष्ट साली कोकणातल्या नाणेबंदराहून हा भिक्षुक नेपाळातल्या मुक्तिनाथाच्या यात्रेला निघाला आणि वाटेतून प्रवासाचं वर्तमान लिहून घरी पाठवत राहिला. कुणी कासीद, कुणी परतणारा यात्रेकरू, भेटेल त्याच्या हाती. ती सगळी पानं एका देवळाच्या पेटीत सापडली. सापडली ती माझ्या मार्गदर्शकांना, डॉक्टर आठल्यांना. मुक्तिनाथाला जाऊन तिथलं लिहून ठेवणारा पहिला मराठी माणूस, असं सरांनी एका मोठ्या परिषदेत जाहीर करून टाकलेलं. ग्रंथ छापायला निघायचा होता, प्रस्तावना लिहून तयार होती आणि माझा प्रबंध मार्चमध्ये द्यायचा होता. तो गेला की कॉलेजातली कायमची जागा माझी, हे ठरलेलं. अडचण एकच होती. नारोपंत नर्मदेपर्यंत पोचल्याचे पुरावे होते, पुढं गेल्याचा एकही बाहेरचा कागद नव्हता. या संस्थानाच्या सरदाराचा तळ त्या वर्षी नर्मदेवर होता. तिथून नारोपंत उत्तरेला गेला एवढं सांगणारी एक ओळ मला हवी होती.

खरं सांगायचं तर मला नोकरीपेक्षा तो माणूस जास्त हवा होता. अकरा वर्षं मी त्याच्याबरोबर काढली होती. माझं गाव नाणेबंदराच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर. त्यामुळे तो मला शेजारचाच वाटायचा. पहिला अर्धा भाग वाचताना माझी फार करमणूक व्हायची. ओली लाकडं, कच्चा भात, धर्मशाळेतले ढेकूण, सगळ्यांवर त्याचा नुसता जळफळाट. पण जीव जडला होता तो दुसऱ्या भागावर. नर्मदेच्या पुढचा माणूस निवळलेला होता. कुणाच्या ओसरीवर बसून ताक प्यायला, कुठल्या डोंगरावर सूर्य कसा मावळला, हे सावकाश सांगायचा आणि मध्येच घरी विचारायचा, ‘परसातील सोनचाफ्यास कळे धरले की नाही?’ ‘तीर्थरूपांस पहाटे थंडी बाधते, पायांवर कांबळे घालीत जावे.’ आई गेल्यावर मी ती पानं रोज वाचायचो. खोलीवर एकटा असताना मोठ्यानं वाचायचो. असली ओढ माझ्याबद्दल कुणाला वाटली नव्हती, म्हणूनही असेल.

दुसऱ्या भागाचं अक्षर वेगळं होतं. ओळ उजवीकडे जराशी वर चढायची. सर म्हणाले होते, कुणी नक्कलकारानं नीट उतरवून काढलं असणार. मी मान डोलावली होती.

“काही नाही हो,” मी मुंगींना म्हणालो. आवाज चढलाच माझा. “नक्कलकारानं घातली असेल चूक. दोन ओळींवरून काय माणूस खोटा ठरवता?”

“दोन नाहीत,” मुंगी शांतपणे म्हणाले. “सतरा आहेत. मी पेन्सिलीनं खुणा केल्यात. रागावू नका.”

मी रागावलोच. डबा उचलला आणि त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नदीवर गेलो. गावाबाहेर लहानशी नदी होती, घाट होता. पाण्यातून वर आलेल्या शेवटच्या पायरीवर कोळशानं रेघ ओढली. दुपारी येऊन पाहिलं, संध्याकाळी येऊन पाहिलं. पाणी होतं तिथंच. एक धोबी मला विचारून गेला, काही हरवलंय का. आता छत्तीस वर्षांच्या माणसाला, इतिहासाच्या मास्तरला, डोंगरातल्या नदीला भरती नसते हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या खाडीकाठी नदी म्हणजे दिवसातून दोनदा चढणार आणि दोनदा उतरणारच. पलीकडे जायचं तर आधी पाणी बघायचं, लग्नाचं वऱ्हाड निघायचं तेही भरतीची वेळ धरून. त्या सतरा ओळी मी शेकडो वेळा वाचल्या आणि एकदाही अडखळलो नाही. आठल्येसरही देवगडचे. तेही अडखळले नाहीत.

म्हणजे ज्यानं हे लिहिलं त्यानं आमच्या खाडीशिवाय दुसरी नदी जन्मात पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुंगींच्या समोर जाऊन बसलो. “चुकलं माझं,” म्हटलं.

“छोडो यार,” म्हणत त्यांनी आपल्या पिशवीतला पेरू कापून अर्धा माझ्या हातावर ठेवला. “मी विचार करून राहिलो होतो. तुम्ही त्या वर्षीचे आलेले कागद बघताय. गेलेले बघितले?”

दरबारातून बाहेर जाणाऱ्या पत्रांचे मसुदे वेगळ्या रुमालांत बांधलेले असत. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोन, त्यात कागदांचा गठ्ठा. असले चार हजार रुमाल त्या दप्तरखान्यात होते. पहिल्याच दिवशी मुंगींनी मला बजावलं होतं, “सुटा कागद ज्या रुमालातून काढाल त्यातच ठेवा. इथं कागद नाहीसा करायला जाळावा लागत नाही. भलत्या रुमालात ठेवला की झालं, पुन्हा कुणाच्या बापाला सापडत नाही.”

नर्मदेच्या तळावरचे मसुदे आम्ही दोघांनी वाटून घेतले. दुपारी दोनच्या सुमाराला मुंगी वाचता वाचता थांबले.

“ठोसर,” ते हळूच म्हणाले, “याच्या माथ्यावर श्री नाही.”

पत्राच्या डोक्यावर श्री नाही म्हणजे आत काय आहे हे मला वाचायची गरज नव्हती. मरणाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. आई गेल्याचं पत्र बहिणीला मीच तसं लिहिलं होतं. मुंगींनी कागद माझ्याकडं वळवला, पण माझं डोकं चालेना. शेवटी त्यांनीच वाचून दाखवलं.

“‘नारो अनंत सोवनी यात्रेस जात असता येथील मुक्कामी ज्वर होऊन कार्तिक वद्य दशमीस मृत्यू पावले. संस्कार यथास्थित जाहले. ईश्वरइच्छेस उपाय नाही. घरी वर्तमान कळावे.’ खाली पत्ता नाणेबंदरचाच आहे.”

शके सोळाशे नव्वदचा कार्तिक. दुसरा भाग त्याच वर्षीच्या पौषात सुरू होतो आणि सात वर्षं चालतो.

हसाल तुम्ही, पण मला धाय मोकलून रडावंसं वाटलं. दोनशे पंधरा वर्षांपूर्वी मेलेला माणूस, त्याचं काय रडायचं? पण माझ्यापुरता तो त्या दुपारी दोन वाजता मेला होता. ताक पिणारा, सोनचाफ्याची चौकशी करणारा, माझा एकुलता एक सोबती. तो कधी नव्हताच.

“मग हे लिहिलं कुणी?” मी विचारलं.

“अशा पत्राला जबाब येतोच,” मुंगी म्हणाले. “आलेल्या पत्रांत बघू. कोकणातून इथं यायला महिना तरी लागला असेल.”

जबाब सापडायला दोन दिवस लागले. या वेळी मलाच सापडला. वाचायच्या आधीच ओळखला मी. ओळ उजवीकडे जराशी वर चढलेली. अकरा वर्षं ज्या अक्षराशी बोललो ते अक्षर.

मोडी मला मुंगींइतकं सफाईनं येत नाही, पण ते पत्र मी न अडखळता वाचलं. आज इतक्या वर्षांनीही पाठ आहे.

‘पत्र पाठविले ते पावले. वाचोन घरात कोणास सांगितले नाही. मामंजींची दृष्टी गेली. आली पत्रे मीच वाचोन दाखविते. दिवेलागणीस पुत्राचे वर्तमान ऐकावयास बसतात, त्यावर त्यांचा प्राण आहे. तरी याउपरी या गोष्टीचे पत्र येथे न पाठवावे. कोणी विचारील त्यास यात्रेस पुढे गेले, सुखरूप आहेत, असेच सांगावे. माझे वय लहान, पदरी मूल नाही. बहुत काय लिहिणे.’

मी कागद मुंगींकडे सरकवला. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“सून,” शेवटी मुंगी म्हणाले. “बाई होती हो! लिहायला-वाचायला आलेली बाई, त्या काळात.”

“नाव?”

“बघा तुम्हीच.”

खाली नावाची जागा कोरी होती. मी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. मुंगी मान हलवत राहिले.

“नाही सापडायचं. काय लिहील ती? सौभाग्यवती लिहिलं तर वाचणाऱ्याला ठाऊक, की खोटं. गंगाभागीरथी लिहिलं की झाली विधवा, आपल्याच हातानं. डोक्यावरचे केस गेले, लाल आलवण आलं, कोपरा आला. वय असेल वीस-बावीस. तिनं नावच नाही लिहिलं. बस्स.”

मग सगळं आपोआप समोर आलं. म्हातारा सासरा अंधारात बसलाय. सून नवऱ्याचं पत्र आलं म्हणून सांगते आणि आपणच लिहिलेलं वाचून दाखवते. हरिद्वार कुणाकडून ऐकलेलं, गंडकी कुणा यात्रेकरूला विचारलेली, पण नदी म्हटली की डोळ्यांसमोर दारातली खाडीच यायची. तीच तिथं घातली. आणि ‘तीर्थरूपांच्या पायांवर कांबळे घालीत जावे’ हे तिनं स्वतःलाच लिहिलेलं होतं. सोनचाफ्याची चौकशी करणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती पत्रातून आपली आपणच करत होती. सात वर्षं. मग एकदम ते थांबतं. सासरा गेला असेल, ऐकणारं कुणी उरलं नसेल. पुढं तिचं काय झालं ते कोणत्याही कागदात नाही.

“आता काय करणार?” मुंगींनी विचारलं.

“काय करू?”

“मला कशाला विचारता? मी वाचणारा माणूस.” ते उठले. “पण तिनं विनंती केली आहे बरं, कुणाला सांगू नका म्हणून. तेवढं ध्यानात असू द्या. मी चहा सांगून येतो.”

मुद्दामच गेले ते, हे मला तेव्हाही कळलं. मोठ्या दालनात मी एकटा उरलो. समोर तो कागद आणि भिंतीला छतापर्यंत चार हजार रुमाल. उठून चार पावलं जायचं आणि कुठल्याही रुमालात सरकवून द्यायचा. मसुदाही तसाच. मग नारोपंत मुक्तिनाथाला पोचतो, आठल्येसरांचा ग्रंथ निघतो, मार्चमध्ये प्रबंध जातो, जूनमध्ये माझ्या नावाची पाटी लागते. आणि तिची विनंतीही राहते. सगळ्यांचंच भलं होत होतं की! मी उठलो. खोटं कशाला बोलू, शेजारच्या फडताळातला एक रुमाल काढून त्याची गाठही सोडली मी.

गाठ सोडली आणि डोक्यात आलं ते एवढंच, की मला जे जे पाठ होतं ते सगळं तिचं होतं. ताकही तिचं, डोंगरावरचा सूर्यही तिचा. त्या चिडक्या भिक्षुकानं त्यातलं काही लिहिलं नव्हतं. तिला जिवंतपणी नवऱ्याच्या नावानं लिहावं लागलं, आणि आता मी एका नोकरीसाठी ते पुन्हा त्याच्या नावावर चढवणार. विनंती तिनं केली होती ती त्या वेळच्या लोकांच्या भीतीनं, केसांवर वस्तरा चालवणाऱ्यांच्या. ते सगळे मरून गेले. घाबरायचं आता कुणाला होतं? घाबरत होतो तो मी, माझ्या जागेसाठी.

मी गाठ पुन्हा मारली. पत्राची पेन्सिलीनं नक्कल करून घेतली आणि कागद जिथला होता तिथंच ठेवला.

पुढचं एका दमात सांगून टाकतो. सरांना सगळं लिहून कळवलं. त्यांचं उलट टपाली पत्र आलं, ‘तुम्हाला कागद शोधायला पाठवले होते, कादंबऱ्या रचायला नव्हे.’ माझे मार्गदर्शक म्हणून त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. जागा दुसऱ्याला मिळाली. प्रबंध पाच वर्षांनी दुसरीकडून गेला आणि त्यात पत्रांचे लेखक म्हणून ‘नारो अनंत सोवनी व त्यांची पत्नी’ असं छापून आलं. मी रत्नागिरीत शाळेत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. मला त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटतं कधी कधी. मुंगी एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये गेले.

पण सांगायचं होतं ते त्याच दुपारचं.

मुंगी चहा सांगून परतले तेव्हा मी रुमाल जागेवर लावत होतो. त्यांनी रुमालाचा नंबर बघून घेतला. चहा आला, आम्ही प्यायलो. मग ते म्हणाले, “चला विहिरीवर.”

“आत्ता कशाला?”

“मरणाचं पत्र वाचलंत ना? स्नान नको?”

दप्तरखान्याच्या मागं विहीर होती, रहाटाची. डिसेंबरची थंडी, चार वाजून गेलेले. मला वाटलं थट्टा करतायत.

“अहो, नात्यातल्याला लागतं ते. आणि दोनशे पंधरा वर्षं झाली!”

“वर्ष उलटून बातमी कळली की सुतक नाही, नुसती आंघोळ पुरते. शास्त्र आहे. आणि अकरा वर्षं रोज बोलताय म्हणालात त्याच्याशी. मग नात्यातले नाहीत तर कोण तुम्ही?”

बोलता बोलता त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि बादली आत सोडली. सत्तर वर्षांचा म्हातारा रहाट ओढायला लागलेला बघून मी पुढं झालो. मला त्यांनी दगडावर बसवलं. अंगावर कपडे होते तसेच. “नारो अनंत सोवनी, नाणेबंदर,” असं त्यांनी मोठ्यानं म्हटलं आणि अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओतली. थंडीनं माझी वाचाच बसली.

“तिला एवढी आंघोळसुद्धा करता आली नाही हो,” मुंगी म्हणाले. रिकामी बादली हातात घेऊन ते उभे होते. “पत्र वाचलं आणि तशीच घरात वावरली असेल. भलत्या वेळी डोक्यावरून पाणी घेतलं असतं तर कुणी विचारलं असतं, का म्हणून. रडता आलं नसेल तिला. संध्याकाळी सासऱ्यापुढं बसून वाचायचं होतं ना.”

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. दगडावर बसल्या बसल्या मी लहान पोरासारखा रडलो. आईच्या वेळीही असा रडलो नव्हतो. मुंगींनी मला रडू दिलं. मग रहाट पुन्हा करकरला.

“आता ही तिच्यासाठी,” ते म्हणाले.

“नाव नाही माहीत, दिनकरराव.”

“नसू दे,” मुंगी म्हणाले. “डोकं पुढं करा.”